अपरिचित लेखकांच्या पुस्तकांवर लिहिताना माप कोणतं लावायचं?

पानाआड

बरेच दिवस हा विषय मनात घोळतोय, म्हणून धागा काढते आहे.

मी ठरवून कमी ओळखीच्या लेखकांची पुस्तकं वाचते. रहस्यकथा, कविता, आत्मकथनं, विज्ञानकथा, इतिहासावरची पुस्तकं, मुलांच्या गोष्टी, प्रकाराचं बंधन ठेवत नाही. आता त्यांच्यावर नियमानं लिहायचं मनावर घेतलंय. पण लिहायला बसलं की काही प्रश्न आडवे येतात.

नामवंत लेखकाच्या पुस्तकाला जी कसोटी लावतो तीच इथं लावायची, की थोडं सांभाळून घ्यायचं? पुस्तक फसलेलं असेल तर तसं लिहायचं, की त्याच्यावर गप्प बसून दुसरं चांगलं पुस्तक शोधायचं? आणि रहस्यकथेवर लिहिताना जे बघायचं ते कवितासंग्रहाला लागू पडत नाही, मग प्रत्येक प्रकारात तुम्ही नेमकं काय बघता?

माझं मत आधीच सांगते. सवलत देऊ नये, वेळ मात्र जास्त द्यावा. गाजलेल्या पुस्तकावर पुष्कळ जण लिहितात, एकाचं नाही पटलं तर दुसऱ्याचं वाचता येतं. ज्या पुस्तकावर माझ्याशिवाय बहुधा कुणी लिहिणारच नाही, त्याचा मी दोन ओळींत निकाल लावला, तर वाचकासाठी ते पुस्तक तेवढंच उरतं. म्हणून इथं निकालाच्या आधी वर्णन हवं. पुस्तकात काय आहे, कसं सांगितलंय, भाषा कशी आहे, हे आधी नीट यावं.

तुम्ही काय करता?

रातकिडा

सवलत नकोच. ‘पहिलाच प्रयत्न आहे, कौतुकास्पद आहे’ अशी वाक्यं वाचली की मला लेखकाबद्दल वाईट वाटतं. बिचाऱ्यानं दोनशे पानं लिहिली आणि मिळालं काय, तर शाबासकी.

आडवाट

रातकिडा, तत्त्व म्हणून मान्य. पण पुस्तक कोणत्या परिस्थितीत तयार झालं हे अजिबात बघायचं नाही का?

मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या पुस्तकावर संपादकाचा हात फिरतो, मुद्रितशोधन होतं, मुखपृष्ठासाठी चित्रकार असतो. स्वतःच्या पैशानं पुस्तक काढणाऱ्याकडे यातलं बहुधा काहीच नसतं. टंकलेखन, प्रुफं, मांडणी, सगळं एकट्यानं. अशा पुस्तकात ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दिसतात, एक प्रकरण उगाच लांबतं, एकच प्रसंग दोनदा येतो. या गोष्टी संपादक असता तर गेल्या असत्या. त्यांचा आणि लेखकाच्या कुवतीचा हिशेब वेगळा ठेवायला हवा.

मी लिहिताना निर्मितीबद्दलचा परिच्छेद वेगळा ठेवतो. तिथं चुका स्पष्ट सांगतो, कारण पुस्तक विकत घेणाऱ्याला ते कळायलाच हवं. उरलेल्या लेखात मात्र लेखकाला काय दिसलं आणि त्यानं ते कसं मांडलं एवढंच बघतो. याला मी सवलत म्हणणार नाही.

रातकिडा

हे पटलं. वेगळा परिच्छेद ही चांगली सोय आहे.

तळटीप

पानाआड, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर एक अभ्यास आहे. बर्जर, सोरेन्सन आणि रासमुसेन या तिघांनी 2010 मध्ये ‘मार्केटिंग सायन्स’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये परीक्षण आल्यावर कथात्म पुस्तकांच्या विक्रीचं काय होतं हे त्यांनी तपासलं. चांगल्या परीक्षणानं सगळ्यांचीच विक्री वाढली, यात नवल नाही. प्रतिकूल परीक्षणाचा परिणाम मात्र लेखकागणिक उलटा निघाला. नामवंत लेखकांची विक्री साधारण 15 टक्क्यांनी घटली. अपरिचित लेखकांची साधारण 45 टक्क्यांनी वाढली.

कारण त्यांनी असं दिलं आहे: अपरिचित लेखकाची मुख्य अडचण म्हणजे ते पुस्तक आहे हेच लोकांना ठाऊक नसतं. परीक्षणामुळे नाव कानावर पडतं. काही आठवड्यांनी टीका विसरली जाते, नाव ओळखीचं राहतं.

त्यामुळे ‘वाईट लिहून गरिबाच्या पोटावर पाय कशाला द्यायचा’ ही भीती निदान विक्रीपुरती तरी निराधार आहे. गप्प बसणं हे अपरिचित लेखकासाठी सर्वांत वाईट परीक्षण.

कोराकागद

तळटीप, अभ्यास छान आहे, पण तो ओढूनताणून आपल्याला लावू नका. ते वर्तमानपत्र प्रचंड खपाचं, आणि तिथं परीक्षण छापून येणं हीच मुळात एक निवड. ‘एवढ्या मोठ्या पेपरनं दखल घेतली’ हा भाव टीकेतही असतो. आपण इथं लिहितो तेव्हा वाचणारे मूठभर. त्यातल्या अर्ध्यांनी जरी ‘मग नको वाचायला’ म्हटलं तरी त्या पुस्तकाचे संभाव्य वाचकच संपले. पाचशे प्रतींच्या आवृत्तीत मूठभर वाचक ही मोठी गोष्ट असते.

आणि विक्री सोडा. लेखकाच्या मनाचं काय? पहिल्या पुस्तकावर आलेला एकमेव लेख झोडपणारा असेल तर दुसरं पुस्तक येईलच असं नाही. मी फसलेल्या पुस्तकांवर लिहीत नाही. माझा वेळ मी चांगल्या पुस्तकांसाठी ठेवतो.

तळटीप

खपाचा मुद्दा रास्त. पण तुम्ही फक्त आवडलेल्या पुस्तकांवरच लिहिता हे वाचकाला माहीत असतं का? तुमच्या वीस लेखांत वीस शिफारशी असतील, तर एकविसावी शिफारस वाचताना तुमची चव कुठं संपते हे मला कसं कळणार? तुम्हाला काय आवडत नाही हे ठाऊक असल्याशिवाय तुम्हाला जे आवडतं त्याला वजन येत नाही.

कोराकागद

यावर विचार करतो. लगेच उत्तर नाही माझ्याकडे.

गप्पिष्ट

एवढा वाद कशाला? लेखकानंच स्वतःच्या पुस्तकावर लिहावं, म्हणजे सवलतही त्याची आणि वेळही त्याचा!

वॉल्ट व्हिटमननं हेच केलं होतं. 1855 मध्ये ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ स्वखर्चानं छापलं आणि मग निनावी परीक्षणं लिहून स्वतःचीच तोंडभरून स्तुती केली. पुस्तक टिकलं ते कवितांमुळे, पण गडी मागं हटला नाही एवढं खरं.

रातकिडा

हाहा! तेव्हापासून ही परंपरा अखंड सुरू आहे म्हणायची.

भुंगा

मी रहस्यकथांचा माणूस, तेव्हा तिसऱ्या प्रश्नापुरतं बोलतो.

रहस्यकथेवर लिहिताना पहिलं बघायचं ते हे की लेखक वाचकाशी प्रामाणिक आहे का. रोनाल्ड नॉक्सनं 1929 मध्ये रहस्यकथेसाठी दहा नियम मांडले होते. त्यातले काही आज पाळायची गरज नाही. पण डिटेक्टिव्हला सापडलेला धागादोरा वाचकापासून लपवायचा नाही, आणि गुन्हेगार गोष्टीत लवकर दिसलेला असावा, हे दोन आजही लागू पडतात. अपरिचित लेखकांच्या पुष्कळ रहस्यकथा इथंच आपटतात. शेवटून दुसऱ्या प्रकरणात एक नवाच मेव्हणा उगवतो आणि तोच खुनी निघतो.

त्यामुळे मी रहस्यकथा दोनदा वाचतो. पहिल्यांदा सगळ्यांसारखी. दुसऱ्यांदा उत्तर माहीत असताना, पेन्सिल घेऊन. खुनी ज्या ज्या पानावर दिसतो तिथं खूण करायची. लेखकानं त्याच्या तोंडी घातलेली वाक्यं दोन्ही अर्थांनी चालतात का ते बघायचं. चालत असतील तर लेखक नवखा असो वा मुरलेला, त्याच्या हातात कसब आहे. हे फार थोड्या परीक्षणांत येतं, कारण दुसऱ्यांदा वाचायचा कंटाळा.

मग हे लिहायचं कसं, रहस्य न फोडता? मी साधारण पहिल्या पाव भागात जे घडतं तेवढंच कथानक सांगतो. पुढचं सगळं गुणांच्या भाषेत: ‘दुवे पेरलेले आहेत, शेवट त्यांतूनच येतो’ किंवा ‘शेवट बाहेरून आणलेला आहे’. ‘शेवटी जबरदस्त धक्का आहे’ असंसुद्धा लिहायचं नाही. धक्का आहे हे कळल्यावर वाचक पहिल्या पानापासून धक्क्याचीच वाट बघत बसतो.

पानाआड

भुंगा, दुसरं वाचन पेन्सिल घेऊन, हे मी नक्की करणार. शेवट अगदीच फसवा असेल, आणि तीच मुख्य तक्रार असेल, तर काय करता?

भुंगा

तक्रार लिहितो, उत्तर लिहीत नाही. ‘ज्या माहितीवर उकल उभी आहे ती वाचकाला आधी मिळतच नाही’ एवढं वाक्य पुरतं. ज्यानं पुस्तक वाचलंय त्याला नेमकं कळतं, ज्यानं वाचलं नाही त्याचं काही बिघडत नाही.

निशाचर

थोडं विषयांतर करतो. अपरिचित म्हणजे कुणाला अपरिचित?

बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. नारायण धारपांच्या भयकथा वाचून रात्री दिवा चालू ठेवून झोपलेले लोक या धाग्यावरही असतील. हे लेखक वाचकांना चांगलेच परिचित होते. समीक्षेत मात्र दीर्घकाळ त्यांची दखल जेमतेमच. म्हणजे लाखो वाचकांचा लेखकही समीक्षेच्या पानावर अनोळखी असू शकतो. आणि उलटही: गंभीर वर्तुळात सगळ्यांना माहीत असलेला कवी, ज्याचा संग्रह शंभर घरांतसुद्धा नसतो.

हे सांगायचं कारण असं की भयकथा, रहस्यकथा, विनोदी लेखन यांवर लिहिताना मुळातच एक पायरी खाली उतरल्याचा सूर लागतो. ‘या प्रकारातली म्हणून बरी आहे.’ हा सूर नको. भयकथेचं काम भीती वाटायला लावणं. ते कशानं होतं, वातावरणानं, सूचनेनं की नुसत्या रक्तानं, हे शोधणं कोणत्याही गंभीर समीक्षेइतकंच कष्टाचं काम आहे. धारप वाचताना नेहमीचं घर, नेहमीची माणसं, आणि त्यात हळूहळू काहीतरी बिनसत जातं. ते कुठल्या पानापासून बिनसायला लागतं ते शोधून बघा, मग कळेल किती मेहनत आहे.

शाईडाग

निशाचर, ‘या प्रकारातली म्हणून बरी’ ला जोरदार अनुमोदन (म्हणजे, ते वाक्य न लिहिण्याला).

कवितेबद्दल माझं म्हणणं छोटं आहे. कवितासंग्रहावर लिहिताना ओळी द्या. किमान एक छोटी कविता पूर्ण द्या, कवीला विचारून. ‘कवयित्रीची प्रतिमासृष्टी समृद्ध आहे’ असं वाक्य वाचून आजवर एकही माणूस कवितेकडे वळलेला मी बघितला नाही. चार ओळी वाचून वळलेले पुष्कळ. आणि संग्रहातली सर्वांत चांगली कविताच निवडू नका. मधली निवडा, जिच्यासारख्या संग्रहात आणखी दहा आहेत. मग वाचकाची फसगत होत नाही.

गोष्टीवाली

मुलांच्या पुस्तकांबद्दल कुणीच बोललं नाही अजून.

मुलांचं पुस्तक मोठ्यानं वाचल्याशिवाय त्याच्यावर लिहू नये असं माझं ठाम मत आहे. आणि शक्य असेल तर मुलांसमोर. डोळ्यांनी वाचताना लांबलचक वाक्य खपून जातं, मोठ्यानं वाचताना श्वास संपतो. मूल मध्येच उठून गेलं तर ते कुठल्या पानावर उठलं ते मी टिपून ठेवते. त्याहून महत्त्वाचं, मूल ‘परत वाच’ म्हणतं का. पहिल्यांदा ऐकताना चित्रांमुळेही मजा येते. तिसऱ्यांदा मागितलं तर गोष्टीत दम आहे.

कमी ओळखीच्या बाललेखकांत एक गोष्ट वारंवार खटकते. शेवटी आई किंवा आजोबा येऊन बोध समजावून सांगतात. गोष्टीत तो आधीच आलेला असतो! परीक्षणात मी हे दर वेळी लिहिते, कारण हे शेवटचं पान काढून टाकलं तर त्यातली पुष्कळ पुस्तकं खरोखर चांगली आहेत.

चित्रकाराचं नाव द्यायला विसरू नका. अर्धं पुस्तक त्याचं असतं.

जुनंपान

आत्मकथनाचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो.

लेखकानं भोगलेलं असतं. त्यावर ‘हे फिकं आहे’ कसं म्हणायचं? म्हणून बहुतेक परीक्षणं भोगलेल्याचं वर्णन करून थांबतात आणि शेवटी ‘अंगावर काटा आणणारं’. लेखकानं काय निवडलं, काय गाळलं, कोणत्या वयाच्या डोळ्यांनी सांगितलं, आज लिहिणारा माणूस आणि तेव्हाचं ते मूल यांच्यातलं अंतर कसं हाताळलं, याबद्दल चकार शब्द नाही. मला हा लेखकावरचा अन्याय वाटतो. त्याचं आयुष्य बघितलं, पुस्तक बघितलंच नाही.

मी असं करतो: एकच प्रसंग घेतो आणि तो कसा लिहिलाय एवढंच बघतो. एका प्रसंगात लेखकाची सगळी ताकद किंवा सगळी घाई दिसते.

इतिहासावरच्या पुस्तकांना मात्र दुसरं माप. तिथं मी शेवटाकडून सुरुवात करतो. संदर्भसूची आहे का, नावांची-विषयांची सूची आहे का, मूळ कागदपत्रं बघितलीत की पाच दुय्यम पुस्तकं वाचून सहावं लिहिलंय. मग एखादा असा भाग निवडतो की ज्याबद्दल मला स्वतःला माहिती आहे, आणि तो तपासतो. तिथं लेखक काटेकोर निघाला तर बाकीच्यावर विश्वास ठेवायला जागा आहे. स्थानिक इतिहासाची पुस्तकं बहुतेक अशाच अनोळखी अभ्यासकांनी लिहिलेली असतात आणि त्यातला एखादा तक्ता किंवा वंशावळ दुसरीकडे कुठंही मिळत नाही. शैली रटाळ असली तरी हे परीक्षणात नोंदवायलाच हवं.

आडवाट

जुनंपान यांच्या पहिल्या भागाला जोडून.

पुस्तक जे करू बघतच नाही त्यासाठी त्याला धारेवर धरू नये. जॉन अपडाईकनं 1975 मध्ये परीक्षणाचे काही नियम लिहिले, त्यातला पहिला साधारण हाच. आणि याचं ठळक उदाहरण झोरा नील हर्स्टनचं. तिची ‘देअर आईज वेअर वॉचिंग गॉड’ 1937 मध्ये आली. रिचर्ड राईटनं, जो स्वतः मोठा लेखक, तिच्यावर कडक परीक्षण लिहिलं. त्याला सामाजिक निषेधाची कादंबरी हवी होती. हर्स्टन एका स्त्रीचं प्रेम आणि तिचं स्वतःच्या आवाजापर्यंत पोचणं लिहीत होती. कादंबरी अनेक वर्षं छापील स्वरूपात मिळेनाशी झाली. 1975 मध्ये ॲलिस वॉकरनं हर्स्टनवर लेख लिहिला, त्यानंतर तिच्या लेखनाचा नव्यानं शोध सुरू झाला आणि 1978 मध्ये ही कादंबरी पुन्हा छापली गेली.

राईटनं वाईट लिहिलं म्हणूनच ती मागं पडली असं मी म्हणत नाही, कारणं पुष्कळ होती. पण दुसऱ्याच पुस्तकाची अपेक्षा घेऊन वाचलं की काय होतं ते त्यात दिसतं.

वाचनखूण

मी इथं वाचणारीच जास्त, लिहिणारी कमी. पण एक सांगावंसं वाटतं. तुम्हा लोकांचे लेख मी पुस्तक निवडायला वाचते. मला लेखकाचा प्रवास, प्रस्तावनाकाराचं मत, हे काही नको असतं. मला एवढंच हवं असतं की हे पुस्तक कुणाला आवडेल. ‘ज्यांना संथ लय चालते त्यांनी घ्या, घटना हव्या असतील तर कंटाळाल’ हे वाक्य मला पाच ताऱ्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

रातकिडा

ताऱ्यांचा विषय निघालाच आहे तर, मी तारे देणं बंद केलंय. कवितासंग्रहाला चार आणि पाकक्रियेच्या पुस्तकाला चार, याची तुलना काय करायची?

भुंगा

पण शोध घेणाऱ्याला तारेच आधी दिसतात, रातकिडा. ज्या पुस्तकाला एकही तारा नाही ते यादीत पार तळाला जातं. मी देतो, आणि खाली लिहितो की हे तारे या प्रकारातल्या इतर पुस्तकांच्या तुलनेत आहेत.

तळटीप

नावाचा दबाव किती असतो यावर दोन गोष्टी.

जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं कथा पाठवली. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव. परीक्षकांसमोर एक अनोळखी लेखक होता, आणि त्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं.

दुसरी 2013 ची. रॉबर्ट गॅलब्रेथ नावाच्या नवोदिताची रहस्यकादंबरी एप्रिलमध्ये आली. परीक्षणं चांगली होती, तरी पुठ्ठाबांधणीच्या साधारण दीड हजार प्रतीच खपल्या. जुलैमध्ये लेखिका जे. के. रोलिंग असल्याचं उघड झालं आणि ती एकदम खपाच्या यादीत वर गेली. पुस्तकातलं एक अक्षरही बदललं नव्हतं.

एका बाजूला, निनावी वाचनात गुण ओळखता येतात याचा हा पुरावा. दुसऱ्या बाजूला, गुण ओळखणारी परीक्षणं असूनही नाव नसेल तर वाचक वळत नाहीत याचाही.

कोराकागद

म्हणजे आपल्या लेखांनी फारसं काही होत नाही, असंच ना?

तळटीप

तीन महिन्यांत होत नाही, असं म्हणा. जॉन विल्यम्सची ‘स्टोनर’ 1965 मध्ये आली, दोन हजार प्रतीसुद्धा खपल्या नाहीत आणि ती लवकरच बाजारातून गेली. नंतर पुनर्मुद्रणं झाली, 2011 मध्ये फ्रेंच अनुवाद आला आणि ती युरोपभर वाचली जाऊ लागली. लेखक 1994 मध्येच गेलेला. मधल्या काळात तिला धरून ठेवलं ते तिच्याबद्दल अधूनमधून लिहिणाऱ्या, एकमेकांना प्रत देणाऱ्या वाचकांनी.

बार्बरा पिमच्या बाबतीत तर लेखिकेला हे हयातीत बघायला मिळालं. 1961 नंतर तिचं एकही पुस्तक कुणी छापलं नव्हतं. 1977 मध्ये ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’नं काही लेखकांना विचारलं की सर्वांत उपेक्षित लेखक कोण. फिलिप लार्किन आणि लॉर्ड डेव्हिड सेसिल, दोघांनीही स्वतंत्रपणे तिचं नाव दिलं. त्याच वर्षी तिची नवी कादंबरी आली आणि बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत गेली. लार्किन तिला कितीतरी वर्षांपासून पत्रं लिहीत होता, तिची बाजू मांडत होता, हे विसरू नका.

पहिलीआवृत्ती

सभासद होऊन बरेच दिवस झाले, पण लिहितोय पहिल्यांदाच. मी तुम्ही ज्यांच्याबद्दल बोलताय त्यांच्यापैकी एक आहे. माझी दोन पुस्तकं आहेत, नावं सांगत नाही कारण जाहिरात करायला आलेलो नाही.

कोराकागद यांनी लेखकाच्या मनाचा विचार केला, त्याबद्दल आभार मानतो. पण मला विचाराल तर सर्वांत त्रास शांततेचा होतो. टीकेचा होत नाही असं नाही, दोन दिवस जेवण गोड लागत नाही. तरी त्या टीकेत पान क्रमांक असेल, एखादं वाक्य उचलून दाखवलेलं असेल, तर समोरच्यानं आपलं पुस्तक खरंच वाचलंय हे कळतं, आणि ते कळणं फार मोठं असतं. माझ्या पहिल्या पुस्तकावर ओळखीच्यांनी पुष्कळ चांगलं लिहिलं. त्यातलं एकही वाक्य आठवत नाही. एका अनोळखी वाचकानं लिहिलं होतं की संवाद जिवंत आहेत, पण निवेदक दर संवादानंतर येऊन तेच पुन्हा समजावतो. दुसरं पुस्तक लिहिताना ते वाक्य माझ्या टेबलावर होतं.

एक विनंती मात्र आहे. लेखकाशी ओळख असेल, पुस्तक भेट आलं असेल, तर लेखात तसं सांगा. नाहीतर आम्हा सगळ्यांवरच संशय येतो. ज्याच्यावर निर्मळ मनानं लिहिलं गेलंय त्याच्यावरसुद्धा.

निशाचर

पहिलीआवृत्ती, स्वागत! लिहीत राहा इथं.

गोष्टीवाली

फार मनापासून लिहिलंत. ‘पान क्रमांक’ हे लक्षात ठेवते.

शाईडाग

भेट प्रतीच्या मुद्द्याला पूर्ण पाठिंबा. मी तर जवळच्या मित्रमैत्रिणींच्या पुस्तकांवर लिहीतच नाही. बोलून सांगते.

जुनंपान

आणखी एक, जरा कोरडं पण महत्त्वाचं. लेखाच्या वर पूर्ण नोंद द्या: लेखक, प्रकाशक, वर्ष, आवृत्ती, पृष्ठसंख्या, आयएसबीएन असेल तर तोही. 2007 पासून तो तेरा अंकी आहे, त्याआधी दहा अंकी होता, त्यामुळे जुन्या पुस्तकावर दहा अंकी दिसला तर दचकू नका. गाजलेलं पुस्तक नुसत्या नावावर सापडतं. ही पुस्तकं सापडत नाहीत, आणि एकाच नावाची दोन-दोन असतात.

आवृत्ती तपासण्याचं आणखी एक कारण. मेलव्हिलची ‘मोबी-डिक’ 1851 मध्ये आधी लंडनमध्ये ‘द व्हेल’ या नावानं निघाली, आणि त्या आवृत्तीत उपसंहार नव्हता. निवेदक जिवंत कसा राहिला हे नेमकं उपसंहारातच सांगितलंय. काही इंग्रज परीक्षकांनी मग लेखकाला फैलावर घेतलं की जहाजावरचे सगळे बुडाले तर ही गोष्ट सांगतोय कोण? त्यांच्या हातातल्या प्रतीपुरतं त्यांचं बरोबरच होतं.

आडवाट

हे माहीत नव्हतं. जबरदस्त.

आणि अनुवादित पुस्तक असेल तर अनुवादकाचं नाव त्या नोंदीत लेखकाच्या शेजारी. शक्य असेल तर मूळ एखादं पान ताडून बघा. भाषा येत नसेल तर निदान मराठी वाचताना कुठं अडखळलो ते लिहा. ‘अनुवाद ओघवता आहे’ एवढ्यानं काही समजत नाही.

पानाआड

एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. दोन संध्याकाळी प्रतिसाद वाचतेय.

सवलतीबद्दल माझं मत तसंच आहे, पण आडवाट यांचा निर्मितीचा वेगळा परिच्छेद मी घेणार. गप्प बसण्याबद्दल मात्र मी बदलले. आधी कोराकागद यांच्या बाजूला झुकत होते. पहिलीआवृत्ती यांचं वाचून आता वाटतं की पूर्ण वाचलेल्या पुस्तकावर लिहायचं, फसलेलं असलं तरी. पन्नास पानांवर सोडलेल्या पुस्तकावर नाही.

सुरुवात एका विज्ञानकथासंग्रहापासून करते आहे. विज्ञानकथेबद्दल मात्र इथं कुणी सांगितलं नाही. विज्ञान किती तपासायचं?

तळटीप

विज्ञान आजच्या माहितीशी जुळतं का यापेक्षा कथेनं स्वतः मांडलेला नियम ती शेवटपर्यंत पाळते का, हे आधी बघा. प्रकाशापेक्षा वेगानं जाणारं यान चालेल. पहिल्या पानावर ‘यान परत फिरू शकत नाही’ असं सांगून शेवटी ते परत आणलं, तर चालणार नाही. आणि तो एक नियम काढून टाकला तर कथा उरते का ते बघा. जशीच्या तशी उरत असेल तर ती विज्ञानकथा नाही, यानात बसलेली कौटुंबिक कथा आहे. ती चांगलीही असू शकते, पण वाचकाला तसं सांगायला हवं.

कोराकागद

पानाआड, मला अजून पूर्ण पटलेलं नाही. पण तळटीप यांच्या त्या प्रश्नावर विचार केला. माझ्या लेखांच्या वर आता एक ओळ टाकणार आहे की मी फक्त आवडलेल्या पुस्तकांवर लिहितो. निदान वाचकाला ते माहीत असेल.

वाचनखूण

पानाआड, विज्ञानकथांच्या लेखात तो संग्रह कुणाला आवडेल ही ओळ हवीच. वाट बघते. आणि लेख टाकलात की दुवा याच धाग्यावर द्या, म्हणजे शोधावा लागणार नाही.

जुनंपान

आणि आवृत्ती कोणती ते.

पानाआड

पहिलीच आवृत्ती, 176 पानं, आयएसबीएन नाही. दुसरं वाचन सुरू आहे, पेन्सिल घेऊन. रविवारपर्यंत दुवा देते.